गोल चौकावरचं घर

माझे वडील अनंतराव रेल्वे कंपनीच्या इमारत खात्यात नक्शानवीस होते. मराठीत नकाशा म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण आम्ही झाशीचे दक्षिणी. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवालीशी बुंदेली, अशात वाढलेली माणसं. आमच्या तोंडून नक्शाच निघतं. वडिलांना मी नाना म्हणायची. पुढे माझ्या मुलांना ते हिंदीच्या हिशेबानंही नानाच झाले.

मी लहान होते तेव्हा झाशीत रेल्वे नवी होती. कंपनीची मोठी कचेरी इथंच होती, कारखाना उभा राहत होता, आणि जुन्या शहराच्या तटातल्या खंडेराव दरवाज्यापासून स्टेशनापर्यंतचं माळरान मोठ्या साहेबाच्या डोळ्यांत भरलं होतं. त्या माळावर तेव्हा होतं काय? काळे खडक, बोरीची झुडपं आणि उन्हाळ्यात लूच्या झळा. साहेबाला तिथं शहर दिसत होतं. मधोमध मोठा गोल चौक, चौकात कारंजं, तिथून आठ दिशांना निघणारे आठ रुंद रस्ते आणि प्रत्येक रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं. एका रस्त्यावर इस्पितळ, एकावर शाळा, एकावर छपराखालचा बाजार. साहेब लोकांचे बंगले आणि बाबू लोकांची घरं एकाच चौकाभोवती. हे शेवटचं कचेरीत बाकी कुणाला पटलं नव्हतं म्हणे, पण साहेब हट्टी होता. त्यानं पेन्सिलीनं काढायचं आणि नानांनी शाईनं पक्कं करायचं, असं बरेच महिने चाललं.

नाना संध्याकाळी घरी येत ते त्या शहरातून फिरून आल्यासारखे. हातपाय धुवून पाटावर बसले की सुरू. आज बाजाराचं छप्पर काढलं, आज शाळेपुढं बाग काढली. आई ताट वाढताना "हं, हं" म्हणायची. तिचं लक्ष खिडकीकडं असे.

आम्ही तटाच्या आत, बड्या बाजारामागच्या गल्लीत राहायचो. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतल्या बायकांना बोलताना आवाज चढवावा लागत नसे. समोरच्या खिडकीत गोदूबाई. बालविधवा, पुतण्याच्या घरात राहायच्या. माझी आई कमलिनी लहान वयात सागरहून लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या आठवणीनं सारखी रडायची. सासूला कळू नये म्हणून खिडकीशी तोंड करून रडायची, आणि समोरून गोदूबाई हळूच तिला काहीबाही सांगत राहायच्या. कुणाची म्हैस हौदात उतरली, कुणाचा जावई रुसून पानावरून उठला. ऐकता ऐकता आई रडायची थांबे. "मला झाशीची केली ती गोदूबाईंनी," असं ती नेहमी म्हणायची.

एकदा नानांनी ओसरीवर खडूनं सगळं शहर काढलं. गोदूबाई आमच्याकडं तांदूळ निवडायला आल्या होत्या. त्यांनी नानांना ते गल्लीतल्या पोरांबरोबर गोट्या खेळायचे तेव्हापासून पाहिलेलं, म्हणून त्या एकेरीतच बोलत.

"अनंता, यात आपली गल्ली कुठं रे?"

"ती नक्श्याच्या बाहेर येते, गोदूबाई."

"मग आम्हीपण बाहेरच म्हण की!"

सगळे हसले. आई हसली नाही. तिनं सूप उचललं आणि आत गेली.

थोड्याच दिवसांत कंपनीनं आपल्या नोकरांना चौकाभोवतीच्या जागा घर बांधायला देऊ केल्या. बाकीचे बाबू म्हणाले, आधी रस्ते होऊ देत, मग बघू. नानांना तेवढा दम कुठला! त्यांनी चौकावरचीच जागा घेतली आणि पहिलं घर त्यांचं उभं राहू लागलं. घराचं तोंड चौकाकडं, आणि चौक गोल, म्हणून पुढची ओसरीही त्या गोलाईत वळलेली. आमचा बुंदेली गवंडी काम थांबवून नानांकडं आला.

"बाबूजी, दीवाल टेढ़ी जा रही है."

"टेढ़ी नहीं, गोल है. चौक के साथ घूम रही है."

"पर चौक कहाँ है, बाबूजी?"

नानांनी माळावर ठोकलेल्या लाकडी खुंट्या दाखवल्या. त्यांना जोडणाऱ्या चुन्याच्या रेघा अर्ध्या वाऱ्यानं उडालेल्या होत्या. गवंड्यानं त्या पाहिल्या, मान हलवली आणि पुन्हा थापी हातात घेतली.

आम्ही निघालो त्या दिवशी आईनं गोदूबाईंचा हात धरून ठेवला होता. "तुम्ही येत जाल ना?"

"येईन की. रस्ता होऊ दे, सावली होऊ दे, मग रोज येईन. आत्ता ह्या उन्हात बोडक्या डोक्यानं कुठं येऊ, बाई?"

त्या हसून बोलल्या म्हणून आईला रडताही येईना.

नव्या घरात आलो तेव्हा आसपास दुसरं घर नव्हतं. मोठा साहेब एकदा स्वतः पाहायला आला. ओसरीच्या वळणावरून त्यानं हात फिरवला आणि नानांच्या पाठीवर थाप मारली. नाना ते पुढं कितीतरी वर्षं सांगत. पण साहेबाची तब्येत झाशीच्या उन्हात टिकली नाही. तो रजेवर विलायतेला गेला तो परत आलाच नाही. त्याच्या जागी आलेल्या साहेबाला कारखाना वाढवायचा होता, गोदामं हवी होती. चौकात कारंज्यासाठी खड्डा खणून झाला होता, तेवढ्यावरच काम थांबलं. पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचलं आणि म्हशी येऊन बसू लागल्या. खुंट्या लोकांनी जळणाला उपटून नेल्या. नाना रविवारी त्या जागी दगड पुरून ठेवायचे.

आई सवयीनं खिडकीशी बसायची. समोर माळ, लांबवर किल्ला. दुपारी वारा सुटला की धूळ आत येई. ती कधी तक्रार करत नसे. फक्त कधीकधी अचानक म्हणायची, "आत्ता गोदूबाई वाती वळत बसल्या असतील." किंवा, "आज एकादशी. गल्लीत सगळीकडं शिंगाड्याचा वास सुटला असेल." मला मात्र तिथं आवडायचं, कारण पळायला जागा होती. गल्लीची आठवण मला हळूहळू पुसट झाली. आईची होत नव्हती.

मग कंपनीच दुसऱ्या मोठ्या कंपनीत मिळाली आणि मुख्य कचेरी मुंबईला निघाली. इमारत खात्यातल्या बहुतेकांना मुंबईची बदली आली. नानांनाही आली, बढतीसकट. त्या संध्याकाळी ते जेवले. हात धुवून आले आणि म्हणाले, "मी नाही म्हणून सांगितलं."

आईनं विचारलं, "मग इथं काय करणार?"

"कारखान्यात जागा आहे. मालडब्यांचे सुटे भाग काढायचे."

"शहर काढणारा माणूस नट-बोल्ट काढणार?"

"काढीन. पण मुंबईला गेलो तर हे कोण पुरं करणार?"

आईनं विचारलं, "मुंबई नको, तर मग परत गल्लीत जाऊ या का? तुम्ही तिथून कारखान्यात जा."

मी आईला काही मागताना तोवर पाहिलं नव्हतं. नानांनी माळाकडं हात केला.

"साहेब गेला, कचेरी गेली. नक्शा कुठं गेलाय? तो कपाटात आहे. उद्या कुणी चांगला माणूस येईल, उघडून बघेल. तेव्हा निदान एक तरी घर इथं हवं. दोन वर्षं थांब."

"अहो, मला कुणाशी बोलायला नाही इथं," आई म्हणाली.

आईनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या पावसाळ्यात तिनं एक काम काढलं. आमच्या विहिरीजवळच्या, माळावरच्या एकुलत्या जुन्या कडुनिंबाखाली रोपं उगवली होती. ती तिनं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि नानांपुढं ठेवली.

"तुमच्या नक्श्यात दरवाज्याकडं जाणारा रस्ता कुठून निघतो, तेवढं दाखवा."

नानांचे डोळे चमकले. "आठही दाखवतो. आठही रस्त्यांना लावू!"

"आठ तुम्ही लावा. मला एकच हवाय."

शेवटी एकच लागला. नाना दोरी आणि झेंड्या घेऊन पुढं. मी आणि आई मागून खड्डे करत जायचो. दोन रांगा, मध्ये रुंद रस्त्याची जागा सोडून. आई म्हणाली, "एवढी रुंद कशाला? एक बाई चालायची आहे." नाना म्हणाले, "उद्या दोन टांगे समोरासमोर आले तर?" आईनं पदरानं तोंड पुसलं. ती हसत होती. त्या दोघांना असं बरोबर काम करताना मी आधी पाहिलं नव्हतं. शेळ्या खाऊ नयेत म्हणून प्रत्येक रोपाला बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. आमच्या बाजूच्या झाडांना आई घागरीनं पाणी घालायची. दरवाज्याकडच्या टोकाचं काय, हा प्रश्न होता. तो गोदूबाईंनी सोडवला. दरवाज्याशी टांगेवाल्यांचा अड्डा होता. त्या स्वतः तिथं गेल्या आणि घोड्यांना पाजून उरलेलं पाणी झाडांना घालायचं असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. "दक्खिनी अम्मा का हुकम है," म्हणत ते हसत हसत घालायचे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत निम्मी रोपं जळाली. आईनं पुन्हा लावली.

माझं लग्न झालं. यजमान झाशीलाच स्टेशनच्या माल कचेरीत होते. माझ्या पाठची भावंडं जगली नव्हती, तेव्हा आम्ही आई-नानांजवळच राहिलो. झाडं माझ्या खांद्याइतकी झाली असतील तेव्हा शहरात प्लेग आला.

आधी बड्या बाजारात उंदीर मेले. मग माणसं. भिंतीच्या आतली वस्ती दाट, घराला घर लागलेलं. सरकारी माणसं दवंडी देऊन गेली की बाहेर मोकळ्यावर जाऊन राहा. लोक तट्टे, बांबू, भांडी, म्हातारी माणसं असं काय काय गाड्यांवर घालून दरवाज्याबाहेर पडले. आणि बाहेर पडल्यावर समोर त्यांना आईच्या झाडांच्या दोन रांगा दिसल्या. त्या धरून ते चालत आले, थेट आमच्या दारापर्यंत.

मी ओसरीवर उभी होते. पुढच्याच गाडीत गोदूबाई होत्या. मांडीवर देवांची पेटी.

"कमळे," त्यांनी हाक मारली, "सावली झाली नाही गं अजून, पण आले बघ!"

आई धावत गेली. तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

नाना त्या दिवशी कारखान्यात गेले नाहीत. लोक वाटेल तिथं तट्टे टाकत होते. नाना चुना आणि दोरी घेऊन बाहेर पडले. पुरून ठेवलेले दगड त्यांना अंधारातही सापडले असते. दुपारपर्यंत त्यांनी गोल आखला, आठ रस्ते आखले, आणि प्रत्येक कुटुंबाला आपापली जागा दाखवली. दोन झोपड्यांच्या मध्ये वारा जायला मोकळी वाट, शौचाला लांब उताराकडं, पिण्याचं पाणी फक्त आमच्या विहिरीचं, उकळून. लोक घाबरलेले होते. कुणीतरी ठाम आवाजात सांगतंय याचंच त्यांना बरं वाटलं. आठवड्याभरात तिथं गवताचं एक शहर उभं राहिलं, आणि ते नानांच्या नक्श्याप्रमाणं होतं.

हलवायानं एका रस्त्यावर भट्टी लावली. न्हाव्यानं झाडाखाली धोकटी उघडली. कोरड्या पडलेल्या कारंज्याच्या खड्ड्याभोवती संध्याकाळी पुरुष बसत, मुलं खड्ड्यात उतरून खेळत. नाना आठही रस्त्यांनी फेरी मारत, कुणाचं छप्पर नीट आहे का, कुणाला ताप आहे का, विचारत. त्यांच्या अंगात विशीतल्या पोराचा जोर आला होता. मृत्यू तिथंही येत होता. गोदूबाईंच्या पुतण्याची धाकटी मुलगी तिसऱ्या आठवड्यात गेली. नाना तिला पोहोचवून आले आणि ओसरीच्या पायरीवर बसले. मला म्हणाले, "इंदू, सकाळी मी ह्या रस्त्यांकडं बघून खूश झालो होतो गं."

आईनं गोदूबाईंना आपल्या घरात राहायचा आग्रह केला. त्या ऐकेनात. "गल्लीतली माणसं बाहेर आणि मी पक्क्या छपराखाली? नको." पण त्यांची झोपडी नानांनी मुद्दाम आमच्या ओसरीसमोर घातली होती. सकाळी आई ओसरीवर भाजी चिरायला बसे, समोर झोपडीच्या तोंडाशी गोदूबाई जपमाळ घेऊन. मध्ये चौकातली रहदारी. आवाज थोडा चढवावा लागे इतकंच. मी आत स्वयंपाक करताना त्यांचं बोलणं ऐकायची. गल्लीतल्या मेलेल्यांची नावं घेऊन त्या दोघी रडायच्या, आणि त्यातच मध्ये कुणाच्या तरी सुनेच्या आळशीपणाची गोष्ट निघायची. नव्या घरी आल्यापासून आई एवढी बोलताना मी कधी ऐकली नव्हती.

होळीनंतर ऊन तापलं आणि रोग ओसरला. शहरातली घरं धुऊन, चुना देऊन झाली. लोक परतायची भाषा करू लागले, तसे नाना अस्वस्थ झाले. ते झोपडी-झोपडी फिरले.

"परत त्या कोंडवाड्यात कशाला जाता? पुढच्या हिवाळ्यात पुन्हा रोग येईल. इथंच राहा. जागा मी मिळवून देतो, खटपट करतो. चौक तयार आहे, रस्ते तयार आहेत."

लोकांनी त्यांचे हात धरले, उपकार मानले. "अनंतराव, तुम्ही होतात म्हणून आम्ही वाचलो," असं म्हणाले. पण देऊळ तिकडं, दुकानं तिकडं, पिढ्यान् पिढ्यांच्या विहिरी तिकडं. एकेक गाडी भरली जाऊ लागली.

आई गोदूबाईंकडं गेली. मी बरोबर होते.

"तुम्ही तरी राहा. पुतण्याला जाऊ दे. मी तुम्हाला आईसारखी सांभाळीन."

गोदूबाई देव पेटीत ठेवत होत्या. त्यांचे हात थांबले. "मला ठाऊक आहे ते. पण कमळे, मी त्या खिडकीतून आयुष्य पाहिलं. नवऱ्याचं तोंड मला आठवत नाही, ती गल्ली मात्र डोळे मिटले तरी दिसते. इथं एवढं मोठं आभाळ आहे ना, मला त्याची भीती वाटते गं."

"माझ्यासाठी सुद्धा नाही?"

"तू ये की. झाडं तूच लावलीस. मोठी झाली की मीही येईन."

गाड्या झाडांच्या रांगांमधून दरवाज्याकडं गेल्या. दुसऱ्या दिवशी सरकारी माणसांनी रिकाम्या झोपड्या पेटवून दिल्या. नाना दार लावून आत बसले. ज्वाळा विझल्यावर चौकात मोठं काळं वर्तुळ उरलं होतं आणि त्यातून निघालेले काळे रस्ते. पहिल्या पावसात तेही धुऊन गेलं.

एकच रस्ता उरला. तीन महिने गाड्या जाऊन जाऊन तिथं चाकोऱ्या पडल्या होत्या, आणि लोकांना तो सोयीचा वाटू लागला होता. स्टेशनावर जाणारे टांगे आता जुन्या वळणाच्या वाटेनं जायचे सोडून झाडांमधून जाऊ लागले. आई आठवड्यातून एकदा चालत गल्लीत जायची. संध्याकाळी परत यायची ती हलकी होऊन. दोन दिवसांनी पुन्हा खिडकीशी गप्प.

झाडं वाढली. गोदूबाईंची "येईन" काही वर्षं चालू राहिली. कधी गुडघे, कधी पुतणसुनेचं बाळंतपण. एका वैशाखात त्यांनी निरोप पाठवला की अकती झाली की येते, दोन दिवस राहायलाच येते. अकती म्हणजे अक्षय तृतीया, आम्ही इकडं तसंच म्हणतो. आईनं माजघर सारवलं, त्यांच्या सोवळ्याचं सगळं वेगळं काढून ठेवलं. ठरलेल्या दिवशी सकाळी टांगा आला, पण त्यात पुतण्याच होता. तो ओसरीवर चढला नाही. खालूनच म्हणाला, "काकू, गोदूकाकू पहाटे गेल्या."

आई टांग्यात बसली नाही. चालत निघाली. मी तिच्यामागून गेले. वैशाखातलं ऊन असं की माळावर नजर ठरत नव्हती, पण आमच्या अंगावर दरवाज्यापर्यंत ऊन पडलं नाही. वरती फांद्या एकमेकींना भिडल्या होत्या. मी रोज पाहत असून हे मला तोवर दिसलं नव्हतं. आई मध्येच थांबली, वर पाहिलं, आणि म्हणाली, "झाली की गं सावली." मग तिथंच खाली बसली. तिला उठवायला मला बराच वेळ लागला.

त्यानंतर आईचं गल्लीत जाणं कमी झालं. नाना कारखान्यातून निवृत्त झाले. झाशी वाढत होती, पण ती सिव्हिल लाइन्सकडं, सिपरी बाजाराकडं, प्रेमनगरकडं. आमच्या माळाकडं कुणी पाहिलं नाही. नाना रोज सकाळी चौकात चक्कर मारून येत. दगड आता मातीखाली गेले होते, तरी त्यांचे पाय गोलातच फिरायचे. माझा मुलगा त्यांना विचारायचा, "नाना, आप गोल-गोल क्यों चलते हो?" त्याला मराठी कळे, पण उत्तरं हिंदीतच. नाना म्हणायचे, "क्योंकि यहाँ चौक है, बेटा."

आणि मग खरंच एक दिवस माळावर मोजणीची माणसं आली. नगरपालिकेनं शहर वाढवायचं ठरवलं होतं. त्यांच्याबरोबर दिवाकर नावाचा तरुण इंजिनियर होता, नागपूरकडचा. आमच्या दारावरची मराठी पाटी वाचून तो पाणी मागायला आला आणि ओसरीचं वळण पाहून थांबला.

"काका, ही ओसरी अशी का बांधली?"

नानांनी त्याला बसवलं. दुपारभर ते बोलत होते. दिवाकरनं मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. नानांनी त्याला चौकात नेलं, आठही दिशा दाखवल्या, कारंजं कुठं, शाळा कुठं, सगळं. परत आले तेव्हा नाना दमले होते, पण चेहरा उजळला होता. मला वाटलं, तो चांगला माणूस आला.

दिवाकर आठ दिवसांनी पुन्हा आला. या वेळी तो ओसरीच्या कडेला बसला.

"काका, मी वरती विषय काढला होता. पण जमिनी आता वेगवेगळ्या लोकांच्या नावावर आहेत. सरळ रेघांचेच प्लॉट पाडायचे ठरलंय. चौक होणार नाही."

"लहान केला तर?" नानांनी विचारलं. "कारंजं नको हवं तर. नुसता गोल."

"नाही होणार, काका. तुम्हाला उगाच आशा लावणार नाही."

नाना चौकाकडं वळून बसले. दिवाकर घाईघाईनं म्हणाला, "पण दरवाज्याकडचा रस्ता आम्ही ठेवतोय. पक्का करणार. तो आमच्या आखणीला तिरपा जातो, आमचे साहेब तो मोडा म्हणत होते. पण तीस वर्षांची झाडं तोडायची कुणाची छाती झाली नाही. आणि अर्ध्या झाशीला त्याच रस्त्याची सवय आहे."

तो गेल्यावर आई बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. ती नानांच्या शेजारी पायरीवर बसली. चारचौघांत ती त्यांच्या शेजारी कधी बसत नसे.

"तुझा रस्ता झाला," नाना म्हणाले.

"दोरी तुम्ही धरली होती."

"माझे आठ होते गं."

आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिन्हीसांजा होईपर्यंत तशीच बसून राहिली. दिवा लावायला मी उठले.

रस्ता पक्का झाला, खडी पडली, रोलर फिरला. नाना काठी टेकत त्याच्या त्या टोकापर्यंत गेले आणि टांगेवाल्यांच्यात बसून चहा पिऊन आले. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेले. त्यांना नेलं तेही त्याच रस्त्यानं.

हळूहळू प्लॉट विकले गेले. सरळ भिंतींची सरळ घरं आली. आमच्या समोर एका गार्डबाबूनं घर बांधलं. त्याची बायको दतियाकडची, बोलायला मोकळी. राहायला येऊन दोनच दिवस झाले असतील, सकाळी समोरच्या दारातून हाक आली, "अम्मा! ओ अम्मा! तनक जामन मिल जैहै?"

आई खिडकीशी होती. तिला आधी कळलंच नाही की हाक तिला आहे. मी म्हणाले, "आई, दह्याला विरजण मागतेय ती."

"हओ, लाई!" आई ओरडली. सत्तरीच्या बाईचा तेवढा मोठा आवाज ऐकून माझी मुलं बाहेर आली. तिनं वाटीत विरजण घेतलं, रस्ता ओलांडला आणि त्या बाईच्या उंबऱ्याशी उभी राहून किती वेळ बोलत होती! नवऱ्याची ड्युटी कुठवर, माहेर कुठलं, मुलं किती, सगळं विचारून झालं. तीही विचारत होती. मध्येच ती आमच्या घराकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाली, आणि आईनं दोन-चार शब्दांतच उत्तर दिलं.

परत आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"विचारत होती, तुमचं घर असं वाकडं का."

"मग?"

"मला कुठं येतं त्यांच्यासारखं सांगता," आई म्हणाली. "ते असते तर दूध नासेपर्यंत तिला उन्हात उभी करून आठही रस्ते समजावले असते." तिनं रिकामी वाटी माझ्या हातात दिली. "मी म्हटलं, संध्याकाळी या. बसा. सांगीन."